जामीन

शुभवर्तमानात जकातनाक्याला मानाचे नसले तरी महत्त्वाचे स्थान आहे. गालील सरोवराच्या काठचे कफर्णहूम हे गाव हेरोद अंतिपाच्या मुलखाच्या कडेला होते. थोडे पुढे गेले की त्याचा भाऊ फिलिप्प याचा मुलूख सुरू होत असे. दोन भावांच्या राज्यांच्या वेशीवर मालाची तपासणी होणे ओघानेच आले. त्याच परिसरातील नाक्यावर लेवी बसलेला होता आणि प्रभू येशूने त्याला तेथूनच उठवले. पुढे तोच संत मत्तय झाला. 21 सप्टेंबरला आपण त्याचा सण पाळतो आणि जगभरचे जकात अधिकारी, हिशेबनीस व बँक कर्मचारी त्याला आपला आश्रयदाता मानतात. जक्कयाची गोष्टही अशाच एका वाटेवरच्या शहरातली, यरीहोतली. या दोघांवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्या मेजाच्या पलीकडे, उन्हात, लगाम धरून उभा असलेला वाटसरू मात्र कोणत्याच प्रवचनात येत नाही. त्याच्याजवळ विकायचे काही नसेल. केवळ पलीकडे जाऊन परत यायचे असेल. पण तो परत येईल हे त्या मेजामागच्या माणसाने कशावरून मानावे?

आमच्या पिढीला जकातनाका नवा नाही. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. तोपर्यंत दहिसरच्या नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा वसईकरांनी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. तेथे प्रश्न सरळ होता. माल आत जातो आहे, जकात भरा. देशाच्या सीमेवर स्वतःच्या मोटारसायकलवर बसून आलेल्या माणसाचा प्रश्न इतका सरळ नसतो. त्याची गाडी हा माल आहे आणि नाहीही. तो तिच्यावर बसून निघून गेला तर ती केवळ वाहन. तिथेच कोणाला विकून बसने परत गेला तर ती चोरवाटेने झालेली आयात. ज्या देशांनी आपल्या कारखान्यांच्या रक्षणासाठी परदेशी गाड्यांवर जबर शुल्क बसवले आहे, तेथे हा संशय अधिक. आपण इतरांकडे बोट दाखवायला नको. फेब्रुवारी 2018 पर्यंत बाहेरून तयार येणाऱ्या मोटारसायकलींवर आपल्याकडे 60 ते 75 टक्के सीमाशुल्क होते. त्या वर्षी ते 50 टक्क्यांवर आले आणि 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी उतरले. एवढे शुल्क चुकवण्याचा मोह एखाद्याला होणार हे सरकारने गृहीत धरले, तर त्याला दोष कसा द्यावा?

हा संशय फार जुना आहे. 796 साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याने इंग्लंडमधील मर्शियाचा राजा ऑफा याला एक पत्र पाठवले. प्रेषितांच्या कबरींच्या दर्शनासाठी रोमला निघालेल्या यात्रेकरूंना आपल्या राज्यातून निर्वेध जाता येईल, असे त्यात आश्वासन आहे. मात्र यात्रेकरूंचा वेष घेऊन व्यापार करणारे त्यांच्यात मिसळलेले आढळतात, त्यांनी ठरलेल्या ठिकाणी जकात भरलीच पाहिजे, असेही त्याने बजावले आहे. बाराशे वर्षांपूर्वीचा तो राजा आजच्या कस्टम्स अधिकाऱ्याहून वेगळे काय सांगत होता? ख्रिस्तसभेने आपल्या परीने यात्रेकरूंची बाजू घेतली. 1123 च्या पहिल्या लॅटरन धर्मपरिषदेने रोमच्या यात्रेकरूंना लुबाडणाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांवर नवनव्या जकाती लादणाऱ्यांना, भरपाई करीपर्यंत, ख्रिस्ती सहभागितेतून दूर ठेवण्याचा नियम केला. जकातीचा विषय धर्मपरिषदेच्या मेजावर जावा, इतका तो लोकांच्या जिवाशी भिडलेला होता.

हे सारे मला वाचावे लागले ते माझ्या भाच्यामुळे. मोटारसायकलवरून रोमला जायचे त्याच्या मनाने घेतले. विमानाने जा, आठ तासांत पोचशील, असे त्याला सांगणाऱ्यांची आमच्या आळीत कमतरता नव्हती. तो ऐकून घेई आणि हसे. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, विधवा. हा तिचा एकुलता एक मुलगा. तो नोकरी सांभाळून चार वर्षे पैसे साठवत होता आणि नकाशे पाहत होता. वाघा-अटारीची वाट भारतीय गाडीला व्यवहारात बंदच होती (एप्रिल 2025 मध्ये अटारीची चौकी सरकारने अधिकृतपणेच बंद केली). तेव्हा मुंबईहून गाडी जहाजाने दुबईला न्यायची, शारजाहून फेरीबोटीने आखात ओलांडून इराणात उतरायचे आणि पुढे तुर्कस्तान, ग्रीस, इटली, असा बेत ठरला. 2019 चा ईस्टर 21 एप्रिलला होता. त्या सकाळी संत पेत्राच्या चौकात उभे राहायचे, एवढेच त्याचे मागणे होते.

पेट्रोल, विमा, जहाजभाडे, व्हिसा यांचा हिशेब त्याने कधीच मांडून ठेवला होता. त्याची घडी विस्कटली ती एका पुस्तकाने. त्या पुस्तकाचे मूळ फ्रेंच नाव ‘कार्ने द पासाज आँ दुआन’. मोटारसायकलवाली मुले त्याला नुसते ‘कार्नेट’ म्हणतात. गाडीचा पासपोर्ट, असे त्याचे वर्णन केले जाते. ते अपुरे आहे. पासपोर्ट माणूस कोण आहे ते सांगतो. कार्नेट सांगते की ही गाडी परत जाईल, आणि न गेली तर शुल्क कोणाकडून वसूल करायचे. 1954 साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर ही व्यवस्था उभी आहे. प्रत्येक देशातील एखादी मोटार संस्था जामीनदार होते. आपल्याकडे मुंबईत चर्चगेटजवळ वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन आहे, 1919 साली स्थापन झालेली. ती हे पुस्तक देते. परक्या देशातील कस्टम्सला माझा भाचा ठाऊक नाही. पण तेथील मोटार संस्था ठाऊक आहे, तिला आपली संस्था ठाऊक आहे आणि आपल्या संस्थेला भाच्याच्या बँकेचे हमीपत्र ठाऊक आहे. विश्वासाची ही साखळी हातोहात पुढे जाते आणि तिच्या अगदी शेवटच्या कडीला कोणाचे तरी खरेखुरे पैसे बांधलेले असतात.

पुस्तक पाच, दहा किंवा पंचवीस पानांचे मिळते. मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे आडवे तीन भाग. देशात शिरताना खालचा भाग भरून, शिक्का मारून अधिकारी फाडून ठेवून घेतो. बाहेर पडताना मधला भाग फाडला जातो. वरचे अर्धुक पुस्तकातच राहते आणि त्यावर आत येतानाचा व बाहेर जातानाचा असे दोन शिक्के उमटलेले असावे लागतात. पूर्वी एका देशापुरता असाच एक कागद असे, त्याला ‘ट्रिप्टिक’ म्हणत. जुन्या युरोपीय चर्चमध्ये वेदीमागे तीन फळ्यांचे घडीचे चित्र असते, त्याचेही नाव हेच. कस्टम्सच्या कागदाला वेदीवरच्या चित्राचे नाव मिळावे, याची मला गंमत वाटली. भाच्याला मात्र गंमत सुचण्याची ती वेळ नव्हती.

कारण हमीची रक्कम. ती गाडीच्या किमतीवर आणि कोणत्या देशात जायचे यावर ठरते. काही देशांसाठी किमतीएवढी पुरते. इराण, इजिप्त यांच्यासारख्या देशांसाठी युरोपातील मोटार संस्थांनी किमतीच्या कित्येक पट रकमेची हमी मागितल्याची उदाहरणे आहेत. भाच्याची गाडी एक लाख ऐंशी हजारांची. त्याला सांगण्यात आलेला हमीचा आकडा त्याच्या दुप्पट, तीन लाख साठ हजार. हा खर्च नव्हे, हे खरे; गाडी परत आली की हमी मोकळी होते. पण हमीपत्र देणारी बँक तेवढ्याच रकमेची ठेव गहाण मागत होती. शिवाय दर तिमाहीचे कमिशन, त्यावर 18 टक्के कर, मुद्रांक, नोटरी. हे पैसे गेले ते गेलेच. हमीपत्राची मुदतही कार्नेटहून लांब हवी, कारण कार्नेट संपल्यावर वर्षभराच्या आत एखाद्या देशाने ‘गाडी बाहेर गेल्याची नोंद नाही’ असे कळवले तर शुल्काची मागणी उभी राहू शकते. प्रवासासाठी साठवलेले पैसे असे बांधून ठेवले तर प्रवास कशावर करायचा? श्रीमंताच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या बापाचे बँकेतले वजन हीच त्याची हमी. सीमा सर्वांसाठी सारख्या असतात असे म्हणतात. ते तितकेसे खरे नव्हे.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. फाटकाशी थांबून म्हणाला, “मामा, आईला कळू देऊ नका. तिनं तुम्हाला विचारायचं नाही म्हणून शपथ घातलीय.”

“मग विचारू नकोस,” मी म्हणालो.

“विचारत नाही. फक्त सांगतो.” आणि त्याने सारे सांगितले.

बहिणीने शपथ का घातली होती, हे मला सांगायला नको होते. आमचे आजोबा एका गावकऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. सावकाराचे कर्ज. तो गावकरी एका रात्री मुलाबाळांसह गाव सोडून गेला आणि आजोबांची पानवेलीची वाडी सावकाराकडे गेली. आम्ही ती वाडी पाहिलीही नाही, पण तिच्या विहिरीचे पाणी किती गोड होते हे आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते की आजही ती चव जिभेवर असल्यासारखी वाटते. ‘जामीन’ हा शब्द आमच्या घरात आजाराच्या नावासारखा, आवाज खाली करून उच्चारला जाई. असे एक आमचेच घर होते असेही नव्हे. सावकारी पाशातून गरीब शेतकरी सुटावा म्हणून मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली वसईत कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला. त्या काळी कर्जदाराजवळ तारण असे ते कसले? शेजाऱ्याने त्याच्यासाठी केलेली सही, हेच तारण. एका अर्थी आपला सारा सहकार या एकाच प्रश्नावर उभा राहिला: याच्यासाठी सही करणारा कोणी आहे काय?

त्या रात्री मी बायबल उघडले. या बाबतीत ते एकाच सुरात बोलत नाही, याचे मला बरे वाटले. नीतिसूत्रांचा कर्ता फारच कठोर आहे. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर झोप घेऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिण सुटावे तसा सुटून ये, असा त्याचा उपदेश. आमच्या आजीने तो मनोमन मान्य केला असता. बेन सिराख मात्र निराळा. त्याचा ग्रंथ आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये बहुधा आढळत नाही, आपण भाग्यवान. त्याच्या 29व्या अध्यायात तो म्हणतो की भला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, आणि जामीनदाराचे उपकार विसरू नकोस, त्याने तुझ्यासाठी आपले जीवन पणाला लावले आहे. पण तोच लगेच पुढे सांगतो की जामिनकीने कित्येक भरलेली घरे धुळीस मिळवली. तेव्हा ऐपतीप्रमाणे मदत कर आणि स्वतः पडणार नाहीस हे बघ. संसारी माणसाचा उपदेश आहे हा. नवरा, बाप, शेजारी या नात्यांनी जगलेला माणूसच असे दोन्ही बाजूंनी बोलतो.

आणि मग यहूदा. दुष्काळात धान्यासाठी धाकट्या बन्यामीनला मिसर देशी न्यायचे होते आणि म्हातारा याकोब त्याला सोडायला तयार नव्हता. यहूदा बापाला म्हणाला की मी त्याचा जामीन, त्याचा जाब माझ्याजवळ मागा. पुढे योसेफाच्या माणसांनी वाटेत त्यांना अडवले, एकेकाची गोणी उतरवून झडती घेतली आणि बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला निघाला. साऱ्या पवित्र शास्त्रात याहून अस्सल कस्टम्सची झडती मला आढळली नाही. त्या वेळी यहूदा पुढे आला आणि याला जाऊ द्या, मला ठेवून घ्या, असे म्हणाला. ते ऐकले आणि इतकी वर्षे घट्ट राहिलेला योसेफ भावांसमोर मोठ्याने रडला. भावाला वीस रुप्याच्या नाण्यांना विकण्याची सूचना याच यहूदाने पूर्वी केली होती, हे आठवले की त्या जामिनकीचे मोल अधिक कळते.

माझ्यापाशी निवृत्तीनंतरची एक ठेव होती. ती कशासाठी राखून ठेवली होती हे घरात सर्वांना ठाऊक होते. पत्नीचे दोन्ही गुडघे झिजले होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि उन्हाळ्यात ती करून घ्यावी असे आमचे चालले होते. ठेव गहाण पडली की मोडता येणार नव्हती. मी तिला सारे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याची गाडी हरवली, चोरीला गेली, तर?”

मी चौकशी करून ठेवली होती. अपघातात गाडीचा चुरा झाला तर करारात वाटा आहेत: शुल्क भरा, किंवा मोडलेली गाडी त्या सरकारला देऊन टाका, किंवा कस्टम्सच्या देखरेखीखाली ती नष्ट करा. चोरीचे मात्र अवघड. गाडी देशाबाहेर गेल्याचा पुरावा नाही, म्हणजे ती देशातच आहे असे धरून शुल्काची मागणी येऊ शकते. हे मी तिला जसेच्या तसे सांगितले.

“आणि तो स्वतःच हरवला तर?” तिने विचारले. या प्रश्नाला करारात कलम नव्हते. तिने ताट बाजूला ठेवले. “माझे गुडघे थांबतील वर्षभर. तुम्ही सही करा. पण तुमच्या बहिणीला आधी सांगा. तिच्या पाठीमागे नको.”

बहिणीला सांगणे बँकेत सही करण्याहून कठीण गेले. तिने आजोबांच्या वाडीचे नाव काढले, अपेक्षेप्रमाणे. ती रडली, माझ्यावर चिडली, भाच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः आमच्या घरी आली. रुमालात बांधलेल्या दोन बांगड्या तिने माझ्या पत्नीपुढे ठेवल्या. पत्नीने त्या परत तिच्या हातात घातल्या. त्यावर आम्हा तिघांत पुढे कधी बोलणे झाले नाही. 14 जानेवारीला मी बँकेत गेलो. ठेवपावतीच्या मागे सही केली, हमीपत्राच्या अर्जावर सही केली, आणि ‘जामीनदाराशी नाते’ या रकान्यात ‘मामा’ असे लिहिले.

प्रवासाची हकिकत सांगायची तर ती भाच्याने सांगावी. आमच्या वाट्याला आले ते फोनवरचे तुकडे. इस्फाहानला त्याने जुल्फा वस्तीतील आर्मेनियन ख्रिस्ती लोकांचे वान्क कॅथीड्रल पाहिले. सतराव्या शतकात शाह अब्बासने आर्मेनियातून हलवून आणलेल्या लोकांनी ते बांधले. बाहेरून मशिदीसारखा घुमट आणि आत भिंतभर बायबलची चित्रे. तुर्कस्तानात शिरल्यावर बर्फाने झाकलेला अराराट दिसला, तेव्हा त्याने मुद्दाम आईला फोन केला. नोहाचा डोंगर म्हणून ती फार हरखली. तिचा राग तेथे निवळला असावा.

कार्नेटविषयी मी विचारी तेव्हा “सगळं बरोबर आहे, मामा,” एवढेच उत्तर येई. गंमत अशी की एवढा मोठा जामीन ज्यासाठी दिला ते पुस्तक त्या साऱ्या प्रवासात दोनच देशांत उघडावे लागले, अमिरातीत आणि इराणात. तुर्कस्तानला ते नको होते. तेथे गाडीची नोंद प्रवाशाच्या नावावरच होते. ग्रीस-इटलीत तर कोणी ढुंकून पाहिले नाही. युरोपीय संघात बाहेरची खासगी गाडी सहा महिने शुल्काशिवाय हिंडू शकते. जेथे विश्वास स्वस्त तेथे हमी लागत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरे कारण अधिक व्यवहारी असावे. जेथे परदेशी गाडी विकून फारसा फायदा नाही, तेथे संशयही कमी.

ईस्टरला तो रोमला पोचला नाही. पुण्य शनिवारी रात्री त्याचा फोन आला तो इस्तंबूलहून. उशीर झाला, वाट खराब होती, असे काहीसे तो बोलला. ईस्टरची मिस्सा त्याने तेथल्या इस्तिकलाल रस्त्यावरील पादुआच्या संत अंतोनीच्या चर्चमध्ये ऐकली. 1935 ते 1944 या काळात पोपचे प्रतिनिधी म्हणून इस्तंबूलला राहिलेल्या आणि पुढे पोप तेविसावे जॉन झालेल्या आर्चबिशप रोंकाल्ली यांचा पुतळा त्या चर्चच्या अंगणात आहे. त्यापुढे गाडीचे हेल्मेट हातात धरून उभा असलेला त्याचा फोटो बहिणीने फ्रेम करून ठेवला आहे. रोमला तो पुढल्या रविवारी, दैवी दयेच्या रविवारी पोचला. चौकात गर्दी होती, पण ईस्टरची नव्हे. चार वर्षे ज्या सकाळीची वाट पाहिली, ती हुकली.

गाडी इटलीहून कंटेनरमधून न्हावा-शेवाला आली ती ऐन पावसाळ्यात. बंदरातून ती सोडवायला क्लिअरिंग एजंटच्या मागे आठ दिवस हिंडावे लागले. आपल्याच देशात परत शिरताना आपल्याच गाडीच्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासावी लागते, हे मी तेव्हा पाहिले. गाडी परत आल्याची कस्टम्सची नोंद झाल्यावर पुस्तक संस्थेला परत द्यायचे होते. त्याच्या आदल्या रात्री मी ते मागून घेतले. बँकेत अडकलेली ठेव एवढ्याशा कागदावर कशी उतरली आहे, ते मला पाहायचे होते.

दोन अर्धुके, चार शिक्के. त्यातल्या एका शिक्क्याची तारीख मला खटकली. आम्हाला कळवलेल्या तारखेहून ती तीन दिवस पुढची होती. मी विचारले तेव्हा त्याने सांगायचे टाळले. मी पुन्हा विचारले.

त्या सीमेवर अधिकाऱ्याने मधला भाग फाडून घेतला आणि हाताने पुढे जाण्याची खूण केली. चार पावले गाडी ढकलल्यावर भाच्याने पुस्तक उघडून पाहिले. अर्धुकावर बाहेर जाण्याचा शिक्का नव्हता. तो परत फिरला. तोवर पाळी बदलली होती. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली ज्याच्याजवळ तो घरी गेलेला, आणि पुढे सुट्टी. तेथील हमाल, ट्रकवाले, नवा आलेला कारकून, सर्वांनी त्याला तेच सांगितले की जा, कागद आम्ही ठेवून घेतला आहे, पुढे कोणी विचारत नाही. बहुधा कोणी विचारलेही नसते. आणि पुढे मागणी आलीच असती तर गाडी भारतात असल्याचा दाखला देऊन ती निस्तरता आली असती. करारात तशी सोय आहे. हे त्याला ठाऊक होते. तरी तो ट्रकवाल्यांच्या विश्रांतिगृहात तीन रात्री राहिला. पावाबरोबर चहा आणि उकडलेली अंडी. एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरने त्याला आपले घोंगडे दिले. चौथ्या सकाळी किल्लीवाला आला, त्याने दिलगिरी दाखवली, शिक्का मारला आणि त्याला दोन संत्री दिली.

“गेलो असतो तर रोमला ईस्टर मिळाला असता,” मी म्हणालो.

“हो,” तो म्हणाला. “पण मामींचे गुडघे तिथं कपाटात होते.”

मी पुस्तक मिटून त्याला परत दिले. ही गोष्ट मी त्या रात्री पत्नीला सांगितली नाही, सकाळी सांगितली. ती काही बोलली नाही. दुपारी तिने त्याला जेवायला बोलावले आणि ताजी बोंबलांची कढी केली, त्याला आवडते म्हणून.

हमीपत्र मोकळे झाल्याचे पत्र ऑक्टोबरच्या अखेरीस आले आणि बँकेने ठेवीवरचा बोजा उतरवला. नोव्हेंबरमध्ये पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत डाव्या. पुढच्याच महिन्यात, मार्च 2020 मध्ये, टाळेबंदी आली. त्या वर्षी कितीतरी देशांच्या प्रवाशांच्या गाड्या परक्या मुलखात अडकून पडल्या, सीमा बंद, कार्नेटची मुदत संपत आलेली. मोटार संस्थांना आणि कस्टम्स खात्यांना मुदतवाढीचे मार्ग काढावे लागले. अशा प्रत्येक गाडीमागे कोठेतरी एखाद्या घरात एक ठेवपावती अडकली असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात वारंवार येई.

आता भाच्याकडे चौकशीला मुले येतात. तो त्यांना पहिल्यांदा नेपाळला जा म्हणतो. तेथे भारतीय गाडीला कार्नेट लागत नाही, सीमेवर भन्सार कार्यालयात दिवसांच्या हिशेबाने पैसे भरले की झाले. भूतानलाही जामीन नको. त्यापलीकडचे जग मात्र अरुंद होत चालले आहे. मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जाणारी वाट 2021 च्या लष्करी उठावानंतर प्रवाशांना उरली नाही. चीन कार्नेट मानतच नाही. तेथे सरकारमान्य वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च हमीहून भारी. जून 2025 च्या युद्धानंतर इराणच्या वाटेवर मुलाला पाठवायला कोणती आई तयार होईल?

तरी गेल्या महिन्यात शेजारच्या धर्मग्रामातील एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. तिला फातिमाला जायचे आहे, स्वतःच्या गाडीवर. भाचा तिला ओसरीवर नकाशा दाखवत होता. वडील माझ्याजवळ येऊन बसले, थोडे घुटमळले आणि हळूच विचारले, “ठेव किती दिवस अडकते हो, काका?”

“आमची साडेनऊ महिने अडकली,” मी सांगितले. “तुम्ही दीड-दोन वर्षांची तयारी ठेवा.”

ते बोटांवर काहीतरी मोजू लागले.